दुसरा अल्बम संथ आहे म्हणून कंटाळवाणा वाटतोय का?

तुमचा प्रश्न नीट वाचला, सोबत लिहून दिलेले दोन मुखडेही वाचले. ज्यांच्या नजरेतून तो सुटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही सोलापूरचे. गाणी स्वतः लिहिता, चाली स्वतः लावता आणि गिटारवर गाता. पहिला अल्बम उडत्या चालींचा होता. तो कॉलेजच्या गॅदरिंगला चालला, रील्सवर फिरला. नंतर पुण्यातली नोकरी सोडून घरी आलात आणि त्या काळात नऊ गाणी झाली. सगळी स्वतःबद्दलची, सगळी संथ. मित्रांना ऐकवली तर "भारी आहे, पण झोप येते ओ" असं म्हणाले. आता तुमचे मुख्य प्रश्न तीन आहेत: यात ड्रमचा बीट टाकावा का, रेकॉर्डिंग पुण्याला स्टुडिओत करावं की घरीच, आणि अल्बम काढावा की एकेक गाणं सोडावं. हाताशी ६०,००० रुपये आहेत.

मी सोलापुरात छोटा स्टुडिओ चालवतो. पोट भरतं ते गणपतीच्या गाण्यांवर, भक्तिगीतांवर आणि निवडणूक आली की प्रचाराच्या गाण्यांवर. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही भाषांतले गायक येतात, आपलं गावच तसं आहे. स्वतः लिहून गाणारे त्या मानाने थोडे. पण त्यांचा दुसरा अल्बम आला की दुखणं बहुधा एकच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्ही विचारलेले तीनही प्रश्न गाणं लिहून झाल्यानंतरचे आहेत. तुमची अडचण त्याच्या आधीची आहे. गाणी संथ आहेत म्हणून मित्रांना झोप येत नाही. संथ गाणी लोक रात्र रात्र ऐकतात. झोप येते कारण नऊच्या नऊ गाण्यांत एकच माणूस आहे, तो एकाच खोलीत आहे आणि तो स्वतःशीच बोलतोय. ऐकणाऱ्याला बसायला जागाच नाही.

तुमचे दोन मुखडे शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिला:

माझ्यातला मी मलाच सापडत नाही,
आरशात कोण उभा, ओळख पटत नाही.

आणि दुसरा:

माग गेला, फरशीवर राहिल्या चार खुणा,
आई तिथंच वाळत घालते शेंगा पुन्हा.

पहिल्यात चूक काही नाही. यमक जुळतंय, लय बरोबर आहे. पण एका ओळीत तीन वेळा 'मी' आलाय आणि दिसत काहीच नाही. हा मुखडा नाशिकचा मुलगा लिहू शकतो, नागपूरचा लिहू शकतो, आणि खरं सांगायचं तर लिहितोच. दर दोन-तीन महिन्यांनी असा एक आरसा माझ्याकडे रेकॉर्डिंगला येतो. दुसऱ्या मुखड्यात 'मी' एकदाही नाही, तरी त्यात तुम्ही पुरते आहात. पॉवरलूम उचलून नेल्यावर बोल्टच्या जागी फरशीवर काय उरतं, हे ज्याने बघितलंय त्यालाच ती ओळ सुचते. घरातली कमाईची जागा रिकामी झाली आणि आईने तिथे शेंगा पसरल्या. काही बोलली असेल, नसेल. यात दुःख हा शब्द कुठे आला नाही आणि यायची गरजही नाही.

अडचण त्याच्या पुढे आहे. तुम्ही लिहिलंय की त्या गाण्याच्या अंतऱ्यात 'मी एकटा, मी रिता' असं येतं. म्हणजे मुखड्यात आई आली आणि अंतऱ्यात तिला बाहेर काढून पुन्हा आरसा आणला. तिला तिथेच राहू द्या. किंबहुना एक छोटी गोष्ट करून बघा: 'आई तिथंच वाळत घालते' याऐवजी 'आई, तिथंच वाळत घालतेस' म्हणा. एका अक्षराचा फरक आहे, पण आता तुम्ही कुणाबद्दल सांगत नाही, कुणाशी तरी बोलताय. गाताना आवाज आपोआप बदलेल. समोर माणूस असला की आपण शब्दांच्या टोकाला सूर ओढत बसत नाही, उत्तराची वाट बघत थांबतो. ते थांबणं रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्या गावचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. तलावातलं मंदिर आणि जानेवारीतला गड्डा, म्हणजे त्यांची यात्रा, सगळ्यांना माहीत असतो. पण बाराव्या शतकातला हा शिवयोगी कन्नडमध्ये वचनं, म्हणजे छोट्या भक्तिरचना, रचत होता, हे गिटार घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या सहसा लक्षात नसतं. माझ्याकडे वचनं गाणारी मंडळी येतात तेव्हा मी अर्थ विचारून घेतो. माणूस स्वतःच्या मनाची झडती घेत असतो, स्वतःलाच फटकारत असतो, याहून अंतर्मुख काय असणार? पण शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुना' अशी शिवाला हाक येते. सगळी कबुली कुणाला तरी उद्देशून आहे. अभंगातही तेच. विठ्ठलाशी भांडण चालू असतं, एकट्याची कुरकुर नसते. तुमच्या गाण्यात देव असायला पाहिजे असं मुळीच नाही. आई असेल, पुण्याचा रूममेट असेल, विकला गेलेला माग असेल, दहा वर्षांपूर्वीचे तुम्ही असाल. पण नऊपैकी निदान पाच गाण्यांत समोर कुणीतरी हवं.

आता चालींकडे वळू. तुम्ही सांगितलंय की नऊपैकी सात गाणी 'G' या एकाच कॉर्डच्या शेपवर आहेत, कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) बहुतेक दुसऱ्या फ्रेटवर, आणि वेग मिनिटाला ६८ ते ७४ ठोक्यांच्या (बीपीएम) मधे. मित्रांच्या झोपेचं अर्धं कारण इथेच सापडलं. कान सूर आणि लय पकडतो, शब्द त्यानंतर. तिसऱ्या गाण्यापर्यंत कानाने ठरवलेलं असतं की हेच चाललंय, आणि मग चौथ्याचे शब्द कितीही चांगले असोत, ते आत जात नाहीत.

यासाठी गाणी फास्ट करायची गरज नाही. एका कागदावर नऊ गाण्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे पट्टी, ताल, वेग, पहिली ओळ कुणाला उद्देशून आहे, आणि गाणं सुरू झाल्यावर किती सेकंदांनी आवाज येतो, एवढं लिहा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हा कागद आधी करायला लावतो, माईक नंतर लावतो. बहुतेक जण कागद बघूनच गप्प होतात. मग बदल सुचायला लागतात. एखादं गाणं सहा मात्रांत, दादऱ्याच्या अंगाने घेऊन बघा. वेग तोच राहतो, पण गाणं झुलायला लागतं. एखादं सात मात्रांच्या रूपकात बसतंय का बघा. आपल्या कानाला रूपक परका नाही आणि त्यात थोडा अडखळता भाव येतो, जो तुमच्या विषयाला शोभेल. एका गाण्यासाठी गिटारची सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवा. खाली खर्ज मिळतो आणि हात जुन्या सवयीच्या जागी जात नाही. कॅपो एका गाण्याला पाचव्यावर न्या, एकाला काढूनच टाका. आणि एक गाणं गिटारशिवाय करा. पूर्ण बिनवाद्याचं किंवा मागे नुसता एक षड्ज. नऊ गाण्यांत एक असं आलं की त्याच्या आधीचं आणि नंतरचं गाणंही नवं वाटतं.

मग बीट टाकावा का? माझं मत, नाही. निदान तुम्ही म्हणताय तसा पॅडवरचा लूप, म्हणजे तोच तो फिरत राहणारा तयार ठेका, तरी नाही. याचं एक तांत्रिक कारण आहे. एकट्याने गिटारवर गाताना आपण ओळीच्या शेवटी श्वासासाठी थोडं रेंगाळतो, अंतऱ्यात थोडं पुढे सरकतो. हीच त्या गाण्याची जान असते. त्याच्यावर सरळ चालणारा लूप ठेवला की दोघांचं भांडण सुरू होतं. मग इंजिनिअर गिटार कापून कापून लूपवर बसवतो. सगळं जागेवर येतं आणि गाणं मेलेलं असतं. ज्या गाण्याला लय लागेलच असं वाटतं, तिथे ती माणसाच्या हाताने येऊ द्या. नुसता डग्गा (तबल्याच्या जोडीतला डावा) वाजवा, उजव्याची टणक चाट नको. किंवा खंजिरी बोटांनी, झांजा न हलवता. किंवा तुमचाच अंगठा गिटारच्या खर्जाच्या तारेवर. आणि वाजवणारा तुमच्यासमोर बसून, तुमच्या ओठांकडे बघून वाजवत असला पाहिजे.

पेटीबद्दल दोन शब्द, कारण सोलापुरात पेटीवाले भरपूर आणि चांगले मिळतात. भजनी मंडळातल्या वादकाची सवय गायकाच्या पाठोपाठ प्रत्येक सूर वाजवायची असते. तिथे ते हवंच असतं. तुमच्या गाण्यात ते आवाजाला झाकून टाकेल. त्यांना आदराने सांगा की दोन सूर धरून ठेवा, भाता हळू, बाकी काही नको. सुरुवातीला त्यांना हे काम न दिल्यासारखं वाटतं. एकदा हेडफोनमध्ये ऐकवलं की पटतं. आणि जुन्या पेट्या ४४० हर्ट्झला, म्हणजे गिटारचा ट्यूनर धरतो त्या प्रमाण सुराला, असतीलच असं नाही. आधी पेटीचा सूर ट्यूनरवर बघा आणि गिटार पेटीला लावून घ्या. पेटी काही गिटारला लागणार नाही.

इथपर्यंतचं काम म्हणजे शब्दांत समोर माणूस आणणं, चालींतलं एकसुरीपण मोडणं आणि वाद्यं कमीत कमी ठेवणं. याला पैसा लागत नाही, दोन-तीन महिने लागतात. ते न करता पुण्याला गेलात तर ६०,००० रुपये तीच झोप चांगल्या माईकवर रेकॉर्ड करण्यात जातील.

आता घर की स्टुडिओ. हे परिस्थितीवर आहे आणि मुख्यतः तुमचं घर कुठे आहे यावर आहे. होटगी रोडकडच्या शांत कॉलनीत असाल तर एक गोष्ट, साखर पेठेत किंवा अशोक चौकाच्या बाजूला असाल तर वेगळी. शेजारी माग चालू असेल तर त्याची खटखट खिडकी बंद करून थांबत नाही. ती जमिनीतून येते आणि माईकच्या स्टँडमधून वर चढते. तुम्हाला खोलीत ती ऐकूही येणार नाही, सवय झालेली असते. पण हळू आवाजात गाताना माईकचा गेन (आवाज उचलायची पातळी) वाढवला की ती पहिली हजर. स्टँडखाली दुमडलेली गोधडी किंवा जाड फोम ठेवल्याने थोडं कमी होतं. ८० हर्ट्झच्या खालचं फिल्टरने कापलं की आणखी थोडं. त्यापेक्षा जास्त कापू नका, पुरुषाच्या आवाजाचा खर्ज तिथून फार लांब नसतो.

सोलापुरात शांत महिना शोधू नका. जानेवारीत गड्डा, एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुका, मग लग्नसराई, मग गणपती, मग नवरात्र. शांत तास शोधा. रात्री दोन ते पहाटे साडेचार हा माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाचा वेळ. त्यानंतर भोंगे, दूधवाले आणि चिमण्या आपापल्या क्रमाने सुरू होतात. आणि शक्य असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. पंखा लावता येत नाही आणि न लावता बसता येत नाही. त्या कोरड्या हवेत गिटारचं लाकूडही आकसतं, तारा फ्रेटवर घासायला लागतात, ट्यूनिंग एका गाण्यात दोनदा सुटतं. लाकडी गिटारला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी ती त्याच्या खूप खाली जाते. गिटार बाहेर ठेवू नका, केसमध्ये ठेवा, आत ओल्या स्पंजची छोटी डबी ठेवा, फक्त पाणी लाकडाला लागू देऊ नका.

खोलीसाठी चादरी लावू का, असंही तुम्ही विचारलंय. सोलापूरकराने हा प्रश्न विचारायचाच असतो. उत्तर असं की एक चादर भिंतीला चिकटवून लावली तर तिचा उपयोग जवळपास शोभेपुरता. आवाजाची लहर जितकी लांब, तितकी तिला अडवायला जाडी जास्त लागते. ५०० हर्ट्झची लहर सुमारे ७० सेंटिमीटर असते, १०० हर्ट्झची साडेतीन मीटरच्या आसपास. पातळ चादर फक्त वरचा, चरचरणारा भाग खाते आणि खालचा घुमारा तसाच सोडते, त्यामुळे खोली कोंदट वाटायला लागते. चादरी तिहेरी-चौपदरी करून भिंतीपासून वीतभर अंतरावर दोरीला टांगल्या तर फरक पडतो. त्याहून चांगली म्हणजे कापसाची गादी. दोन गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा, एक तुमच्या पाठीमागे. पाठीमागे कशासाठी, तर माईक तुमच्या तोंडाकडे बघत असतो, म्हणजेच तुमच्या मागच्या भिंतीकडेही बघत असतो. लोक हमखास माईकच्या मागे गादी लावतात आणि स्वतःच्या मागे मोकळी भिंत ठेवतात.

माईक घ्यायचा तर महागड्या कंडेन्सर माईकच्या मागे लागू नका. तो खोलीतलं सगळं गोळा करतो, फ्रिजसकट. साध्या खोलीत चांगला डायनॅमिक माईक (स्टेजवर गायला वापरतात तसा) चार-पाच इंचांवरून बरा पडतो, पण त्याला गेन जास्त लागतो, म्हणून ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी) कमी खरखरीचा हवा. जवळ गेलं की आवाजातला खर्ज वाढतो. तुमच्या प्रकारच्या गाण्याला ते पथ्यावर पडेल, मात्र पूर्ण अल्बमभर अंतर तेच ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात मोठा सूर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असं बघा, वर जागा मोकळी असू द्या. गुणगुण ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतं असतं, बऱ्याचदा चार्जर काढताच ती नाहीशी होते.

आवाज आणि गिटार एकत्र घ्यावं की वेगळं? इथे मी थोडा हट्टी आहे. अशा गाण्यांसाठी एकत्रच घ्या. वेगळं घेतलं की तुम्ही आधी वाजवलेल्या गिटारच्या मागे मागे गाता, आणि वर सांगितलेलं ते थांबणं हरवतं. एकत्र घेतल्यावर गिटार आवाजाच्या माईकमध्ये शिरते, त्यामुळे नंतर एखादा सूर ओढून जागेवर आणणं अवघड होतं, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे गाणं पूर्ण येईपर्यंत तालीम करा आणि प्रत्येक गाण्याचे पूर्ण टेक घ्या, तुकडे नकोत. आवाजाचा माईक थोडा वरून, गिटारचा बाराव्या फ्रेटसमोर फूटभर अंतरावर आणि तोंडाकडे पाठ करून. मात्र बोटांकडे बघितल्याशिवाय तुम्हाला वाजवता येत नसेल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही. मग वेगळं घेतलेलं बरं, कारण मान खाली गेली की आवाज माईकवरून निसटतो.

घरचं रेकॉर्डिंग म्हणजे कच्चं, असं मनात असेल तर एक दाखला देतो. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२चा 'नेब्रास्का' हा अल्बम त्याने घरी चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर नमुना म्हणून रेकॉर्ड केला होता. नंतर तीच गाणी बँडबरोबर स्टुडिओत वाजवून बघितली, मनासारखी झाली नाहीत, आणि शेवटी कॅसेटवरचंच प्रसिद्ध केलं. पण लोक ही गोष्ट अर्धीच सांगतात. त्या कॅसेटवरून तबकडी तयार करताना इंजिनिअरांच्या नाकी नऊ आले होते. म्हणजे खोली साधी चालते, पण शेवटचं काम जाणत्याच्या हाती द्यावं लागतं.

तुमच्या पैशांचं मी असंच करीन. रेकॉर्डिंग सोलापुरात, घरी किंवा इथल्याच एखाद्या खोलीत. त्यावर एक तृतीयांशापेक्षा कमी खर्च करा. मोठा हिस्सा मिक्सिंग (आवाज-वाद्यांचा तोल बसवणं) आणि मास्टरिंगला (तयार गाण्यांवरचा शेवटचा हात), तेही असं काम आधी केलेल्या माणसाकडून. पुणे-मुंबईचा असला तरी फाइली पाठवून होतं, फक्त पहिल्या गाण्याच्या मिक्सला स्वतः जाऊन बसा. पुण्याला तर हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. उरलेलं वादकांच्या मानधनाला आणि मुखपृष्ठाला. व्हिडिओवर यातला रुपया घालू नका.

मास्टरिंगवाल्याला दोन गोष्टी सांगा. एक, आवाज फुगवू नका. स्पॉटिफाय आणि यूट्यूब मोठ्या आवाजाची गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणून बसवतात. तुम्ही दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच ओढलं जातं, आणि दाबल्यामुळे गेलेला श्वास काही परत येत नाही. दुसरं, नऊ गाणी नऊ वेगळी कामं म्हणून नव्हे, एक अल्बम म्हणून करा. बिनवाद्याचं गाणं बाकीच्यांपेक्षा हळूच असलं पाहिजे.

राहिला तिसरा प्रश्न. मी दोन्ही करीन. सगळ्यात बोलकी दोन गाणी आधी, पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने, आणि मग अल्बम. मागाचं गाणं पहिलं सोडा, आरशाचं नको. नऊचे सात केले तरी चालतील. अर्ध्या तासाचा अल्बम माणूस एका बैठकीत ऐकतो. क्रम लावताना सगळ्यात लांब गाणं पहिलं ठेवू नका आणि पहिल्या गाण्यात आवाज दहा-पंधरा सेकंदांत येऊ द्या. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच ते मोजलं जातं, आणि तुमची काही गाणी तर ४० सेकंदांच्या गिटारने सुरू होतात.

सिंगल म्हणून आलेलं गाणं अल्बममध्ये घेताना आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) तोच ठेवा, म्हणजे आधीचे प्ले त्याच्याबरोबर येतात. प्लेलिस्टसाठी गाणं संपादकांकडे निदान ७ दिवस आधी पाठवा असं स्पॉटिफाय सांगतं, तुम्ही तीन-चार आठवडे आधी पाठवा. पैशांची आशा धरू नका. २०२४पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याचे आधीच्या १२ महिन्यांत १,००० प्ले नसतील तर त्याचं मानधनच निघत नाही. तरीही आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्या, गीतकार आणि संगीतकार दोन्ही तुम्हीच आहात. पेटीवाल्याकडून, डग्गेवाल्याकडून मानधन मिळाल्याचं आणि वाजवलेलं वापरायला हरकत नसल्याचं चार ओळींचं पत्र सही करून घ्या. ओळखीतला माणूस असला तरी घ्या, ओळखीतला असेल तर नक्कीच घ्या.

रेकॉर्डिंगच्या आधी ही गाणी एकदा अशा माणसांसमोर गा जे संगीतातले नाहीत आणि तुमचे मित्रही नाहीत. हुतात्मा स्मृती मंदिरासारखं मोठं सभागृह भाड्याने घेऊ नका, तेवढ्या खुर्च्या भरणार नाहीत आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर हळू गाणं फार वाईट लागतं. वीस-पंचवीस माणसं बसतील अशी गच्ची किंवा कुणाची तरी बैठकीची खोली पुरे, माईकशिवाय. कुठल्या ओळीला माणसं मोबाईल काढतात ते बघून ठेवा आणि ती ओळ घरी जाऊन बदला. शेवटी पहिल्या अल्बममधल्या नाचाच्या गाण्याची फर्माईश होणारच, आपली माणसं ती केल्याशिवाय उठत नाहीत. त्यासाठी तोंड वाकडं करू नका. त्यातलं एक गाणं नव्या पद्धतीने, डग्ग्यावर आणि संथ लयीत बसवून तयार ठेवा. चांगलं बसलं तर शेवटचं गाणं म्हणून अल्बममध्येच घ्या.